मान हलवायची नाही

७ सप्टेंबर, रविवार

मुनीबशेठनी पप्पाला बोटीवरून उतरवलं. हंगाम सुरू होऊन महिना झालाय, मासळी बऱ्यापैकी मिळतेय, आणि एकोणीस वर्षं ज्याने त्यांची बोट चालवली त्या तांडेलाला शुक्रवारी धक्क्यावर सांगण्यात आलं की उद्यापासून सुकाणू बोटीवरचा खलाशी शंकर धरील. कारण दिलेलं नाही. वर मेहेरबानी म्हणून धक्क्यावर बसायचं काम देऊ केलं. बर्फ किती उतरला, टोपल्या किती चढल्या ते बघायचं. पप्पाने नाही म्हटलं. बरोबर केलं.

आमच्या मासळी गोठवायच्या कारखान्यात मला एखादा खराब सेन्सर काढायचा असला तरी लेखी कारण द्यावं लागतं. माणसाला काढताना तेवढंही लागत नाही.

मम्मी म्हणते, "जावंदे गो. बोट तेंची आसा." तिला राग येत नाही याचाच मला जास्त राग येतो. सकाळी चर्चमध्ये मिसाला गेलो तेव्हाही ती शांत. पूर्वी बाकावर पप्पाच्या उजवीकडे बसायची, हल्ली डावीकडे बसते. आज तर आधी बसलेल्या बाईंना सरकायला लावून बसली. घरावर एवढं आलेलं असताना हिला बाकावरच्या जागेचं पडलंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

शिफ्ट संपल्यावर घरी न येता धक्क्यावर गेले. लिलाव चालू होता. मुनीबशेठ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी सरळ समोर उभी राहिले.

"शेठ, माझ्या वडिलांचं काय चुकलं ते सांगा."

मुद्दाम शुद्ध मराठीत बोलले. मालवणीत बोललं की भांडण घरचं होतं, आणि मला ते घरचं करायचं नव्हतं.

"चाय घेतंस?"

"नको. कारण सांगा."

"गो जॅनेट, पप्पाक इचार."

"विचारलं. तो म्हणतो, शेठच्या मनात आलं."

"मगे तसाच समज."

लिलाव थांबला होता. सुरमईची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली तुळसाबाय म्हणाली, "चेडवाचो आवाज बघा! बापाशीन उभ्या जन्मात येवढो काढूक नाय." दोघे-तिघे हसले. मुनीबशेठ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसरीकडे बघत राहिले. अपराधी माणूस असाच बघतो.

शंकरकाका खाली मान घालून जाळं धूत होते. गेलं वर्षभर हा माणूस केबिनच्या डाव्या दारात उभा राहायचा. धक्क्याला बोट लागतानासुद्धा तिथून हलायचा नाही. मला वाटायचं, पप्पावर जीव आहे. सुकाणूवर डोळा होता हे आता कळलं. त्यांना तसं म्हटलं. त्यांनी जाळं पिळलं, पुन्हा पाण्यात टाकलं.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. पप्पा म्हणाला, "थंय जावची काय गरज होती?" एवढंच बोलला आणि अंगणात जाऊन बसला.

१४ सप्टेंबर, रविवार

एक मार्ग निघाला आहे. माझा चुलत भाऊ ॲल्स्टन तारकर्लीला पर्यटकांसाठी चार खोल्या चालवतो. त्याने सात माणसांची गाडी घेतलीय. नाताळापासून कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणायला त्याला विश्वासाचा ड्रायव्हर हवा. त्याने पप्पाला विचारलं आणि पप्पा लगेच हो म्हणाला. पप्पाकडे लायसन्स नाही. आधी शिकाऊ लायसन्सची परीक्षा द्यावी लागेल. ती हल्ली घरबसल्या कॅमेऱ्यासमोर देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. बोट चालवणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

ॲल्स्टन सोबत एजंट घेऊनच आला होता. धनेश नाव. पप्पाला म्हणाला, "अंकल, तुमी फकत आंगठो लावा. कॅमेऱ्याचा नि प्रश्नांचा आमी बघतंव. डॉक्टराचो कागद पण आमीच हाडतंव." चाळिशीपुढच्या माणसाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, त्याबद्दल बोलत होता.

"म्हणजे परीक्षा कोण देणार?" मी विचारलं.

माझ्याशी तो एकदम शुद्ध बोलायला लागला. "मॅडम, सगळ्यांचं असंच होतं."

"म्हणून रस्त्यावर सगळे असे चालवतात."

ॲल्स्टन हसला. "धनेश, संपला तुझा. हिका कारखान्यात पण लोक घाबारतत."

मी सांगून टाकलं की परीक्षा पप्पा स्वतः देईल, तयारी मी करून घेईन. मला वाटलं पप्पाला बरं वाटेल. तो म्हणाला, "जॅनेट, तेका करूंदे काय ता. तू कित्याक तरास घेतंस?"

पप्पाने आयुष्यात दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा उचललेला नाही. एका शेठने अपमान केला आणि माणूस आठवड्यात एजंटापर्यंत आला. मुनीबशेठना हेही माफ नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिली तयारी. पुस्तिकेतून मी प्रश्न मोठ्याने वाचले, पप्पाने तोंडी उत्तरं दिली.

"अरुंद रस्त्यावर समोरून वाहन आलं तर?"

"उजव्या अंगाक मारूचा."

"डाव्या."

"समोर बोट इली काय आपण आपल्या उजव्या अंगाक मारूचा, तेना तेच्या उजव्या. जगभर तोच कायदो."

"हा रस्ता आहे, पप्पा."

"रस्त्याचो कायदो कोणी केल्यान? तेका दर्याचो इचारूक येय नाय?"

मम्मी आतून कांदा चिरता चिरता ओरडली, "डाव्या अंगाक घे रे! फोंडाघाटात उजव्या अंगाक घेतलंस तर थेट खाली कोल्हापूरवाल्याच्या टपावर!"

"फोंडाघाटात पाहुणे हाडूक जातंय कोण?"

"थांबायचं चिन्ह कसं असतं?" मी पुढचा विचारला.

"आठ कोनी," मम्मीच आतून.

"तू परीक्षा देतंस काय मी देतंय?"

एकूण बरं झालं. चुका फक्त समुद्राच्या नियमाने झाल्या. हे कारण मला आवडलं. चुकीला कारण सापडलं की चूक दुरुस्त होते.

२० सप्टेंबर, शनिवार

आज लॅपटॉपवर सराव. वर प्रश्न, खाली चार चौकोनांत चार उत्तरं. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. वेळ संपला की प्रश्न निघून जातो. कॅमेरा चालू ठेवला, कारण खऱ्या परीक्षेत चेहरा समोरून सरकला तर परीक्षा थांबू शकते. दुसरं माणूस दिसलं तरी थांबते.

अडचण अशी की पप्पा मान हलवतो. प्रश्न आला की आधी डावीकडे मान, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आख्खं क्षितिज बघितल्यासारखं. तांडेलाची सवय. गेल्या एक-दोन वर्षांत ती फार वाढली आहे, जेवतानाही ताटाकडे तशीच मान वळवतो.

"पप्पा, मान हलवायची नाही. नजर स्क्रीनच्या मध्ये."

"बरा."

मान सरळ ठेवली आणि पंधरापैकी सहाच बरोबर आले. मंगळवारी तोंडी तेरा आले होते. कॅमेऱ्याची भीती बसली असावी. एकोणीस वर्षं वादळात बोट चालवली आणि एका काचेच्या ठिपक्याला घाबरतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सहा. काल सात. आज पुन्हा सहा.

"सिग्नल लाल असेल तर?" यावर पप्पाने "हॉर्न वाजवून पुढे जा" असं उत्तर दिलं. "थांबा" हे उत्तर खाली डाव्या चौकोनात स्वच्छ लिहिलं होतं.

"माझी मस्करी करतोस?"

"माका वाटला ताच बरोबर."

"हॉर्न वाजवून पुढे?"

मी लॅपटॉप मिटला. मी दिवसभर कारखान्यात उणे अठरा अंशांच्या खोल्यांत आत-बाहेर करून येते, आणि याला लाल दिव्याला थांबायचं असतं एवढंसुद्धा सांगायचं नाही. मम्मीने चहा आणला. पप्पाने हात पुढे केला आणि कप लवंडला. मम्मीने टेबलाचा दोष सांगितला, गेल्या महिन्यात ते मीच सरकवलं होतं. म्हणजे तोही माझाच दोष.

२८ सप्टेंबर, रविवार

ॲल्स्टनने पप्पाला त्याच्या आवारात गाडी मागेपुढे करायला दिली. लायसन्स नसताना. गेटच्या खांबाला घासून डावा आरसा मोडला. ॲल्स्टनचं म्हणणं, "अंकलांका खांब दिसूकच नाय." मी त्याला म्हटलं, गाडी सात माणसांची आणि गेट बैलगाडीचं असेल तर खांब कोणाला दिसेल? लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात किल्ली दिली याबद्दलही सुनावलं. तो म्हणाला, "गो बाय, तू वकील होवक होया होतंस." पप्पा मोडलेला आरसा हातात घेऊन उभा होता. त्यात बघत नव्हता.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज घरात मोठं भांडण झालं. ते जसं झालं तसं लिहिते.

धनेश डॉक्टरचं प्रमाणपत्र घेऊन आला. सही झालेली, शिक्का मारलेला. दृष्टी उत्तम, रंगज्ञान उत्तम, प्रकृती उत्तम. कोण डॉक्टर, कुठला, पप्पाने त्याला पाहिलेलं नाही, त्याने पप्पाला पाहिलेलं नाही. मी तो कागद फाडला.

"मॅडम, ह्याला मेहनत लागते."

"कसली? शिक्का मारायची?"

तो गेल्यावर मी पप्पाला सांगितलं, येत्या मंगळवारी रजा टाकते, कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, रीतसर तपासून घेऊ, खरं प्रमाणपत्र आणू.

पप्पा उठला. "माका डॉक्टर नको! तुका परीक्षा होयी होती, बसलंय मी. मान हलय नको म्हटलंस, हलवूक नाय. आता डोळे पण तुका दाखवू?"

मी पंचवीस वर्षांची आहे. पप्पाने माझ्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मम्मी दारात उभी होती आणि पप्पाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी मोडल्यासारखी.

मोडलंय धनेशने. मोडलंय मुनीबशेठनी. खरं काम खऱ्या रीतीने करू या म्हणणारी मी एकटी आणि ओरडा मला. मला वाटायचं, पप्पा आणि मी एका बाजूला आहोत. आता खात्री नाही. पप्पा बदलला आहे की आधीपासून असाच होता आणि मी बघितलं नाही, हेही कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मिसाहून आल्यावर, बोलणं बंदच असल्यामुळे, मी एकटी लॅपटॉप घेऊन बसले. सगळ्या सरावांमधल्या चुका काढल्या. आधी विषयाप्रमाणे लावल्या. एका गटात समुद्राच्या नियमामुळे झालेल्या, दुसऱ्यात बाकीच्या. समुद्राच्या चुका पहिल्या आठवड्यातच संपल्या होत्या. बाकीच्यांना काही ढंग नव्हता. अवघड प्रश्न बरोबर, सोपे चूक.

मग जागेप्रमाणे लावल्या. बरोबर उत्तर उजव्या चौकोनांत असलं तर पप्पा जवळजवळ चुकत नाही. डाव्या चौकोनांत असलं तर जवळजवळ नेहमी चुकतो.

आमच्या कामात पहिला धडा असतो. आकडा विचित्र आला की आधी आकड्याशी भांडू नका, तो वाचणारं उपकरण तपासा. मी तीन आठवडे आकड्याशी भांडत होते.

पप्पा अंगणातल्या क्रुसाजवळ सोललेले नारळ रचत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"पप्पा, माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही."

"परत परीक्षा?"

"शेवटची."

मी दोन्ही हात बाजूला पसरले आणि त्याच्या उजवीकडचा हात हळूहळू आत आणला. "दिसता," तो लगेच म्हणाला. मग त्याच्या डावीकडचा आणला. आणत राहिले. हात माझ्या कानाजवळ पोचला तरी तो गप्प होता.

"पप्पा?"

"हात हाड आजून आत."

"हात इथेच आहे."

त्याने मान वळवली. आधी माझा हात पाहिला, मग मला. नारळ खाली ठेवला.

"माका ठावक आसा, बाय."

२० तारखेला तू मान का हलवतोस असं मी विचारलं असतं, तर? मी विचारलं नाही. हलवू नको म्हटलं.

मम्मी मागे येऊन उभी होती. तिच्या बाकावरच्या डावीकडच्या जागेचा अर्थ मला त्या क्षणी कळला, आणि मला इतका संताप आला की मी घरात गेले. काय बोलले असते ठाऊक नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कुडाळ. पप्पा मुकाट्याने आला. डॉक्टर बाईंनी डोळ्यांचा दाब बघितला, थेंब घातले, आतली नस बघितली, एका यंत्रासमोर बसवून ठिपका दिसला की बटण दाबायला लावलं. त्या यंत्रातही मान हलवायची नसते. पप्पा माझ्याकडे बघून जरासा हसला.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस जवळजवळ गेली आहे. उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू जाऊ लागली आहे. नाकाकडची म्हणजे तीही डावीकडचीच. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी राखता येतं, रोज, न चुकता, कायमचं.

"हे कधीपासून असेल?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी. तेव्हा आणलं असतंत तर डावा डोळा बराचसा वाचला असता. गाडी चालवायची नाही. बोटसुद्धा नाही."

पप्पा म्हणाला, "डॉक्टर, दर्यार रस्तो रुंद असता."

बाईंना मालवणी कळत होती. त्या चिठ्ठी लिहीत राहिल्या.

परतीच्या एसटीत पप्पा खिडकीशी बसला. मी त्याला म्हटलं, नाताळात तू पाहुण्यांना घेऊन निघणार होतास. सात माणसं. लहान मुलं.

"सावकाश चालयतलंय म्हटलंय."

"पप्पा."

"होय," तो म्हणाला. "चुकलाच."

८ ऑक्टोबर, बुधवार

धक्क्यावर गेले. मुनीबशेठ त्याच खुर्चीवर.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी बाजूच्या माणसाला चहा आणायला पिटाळलं आणि मग बोलले. "आगस्टात बंदरात येताना डाव्या अंगाची बारकी होडी तेका दिसूक नाय. शंकरान बोंब मारली म्हणान होडीतली दोन माणसां वाचली. मगे माका थांबवचा लागला."

"मला त्या दिवशी का सांगितलं नाहीत? मी इथे चारचौघांत तुम्हाला बोलले."

"बोललंस तर बोललंस. तांडेलाचे डोळे गेले म्हणान भर बंदरार सांगू? तो परत कोणाक तोंड दाखवीत?"

"शेठ, तुम्ही त्याचं तोंड राखलंत आणि डोळे घालवलेत."

चहा आला. मी घेतला, कारण तिथे बसायला दुसरं निमित्त नव्हतं.

शंकरकाका जवळ आले आणि सांगू लागले. वर्षभर डाव्या दारात ते उभे राहायचे. ते नसले की दुसरा कोणीतरी खलाशी. होडी, बोया, खडक, डावीकडचं जे काही ते हळू आवाजात सांगायचे.

"पप्पाने सांगितलं होतं तसं करायला?"

"सांगूक कित्याक होया? येक दिवस मी थंय जावन उभो रवलंय. तेना नको म्हणूक नाय."

एवढंच. अख्ख्या बोटीला कळलं होतं, घरात मम्मीला कळलं होतं, शेठना कळलं होतं. प्रत्येकाने आपापली जागा हेरली आणि तिथे गुपचूप उभा राहिला. कुडाळ इथून तासाभराच्या वाटेवर आहे, डॉक्टर तिथे रोज बसतात, आणि वर्षभरात एकालाही त्याला गाडीत घालून तिथे न्यावंसं वाटलं नाही. कारण नेलं असतं तर बोलावं लागलं असतं. याला माया म्हणतात हे मला मान्य आहे. चांगली माया आहे हे मान्य नाही. शंकरकाकांचे आभार मानावेत की तक्रार करावी हे ठरत नव्हतं. तक्रार केली. त्यांनी ऐकून घेतली. सुकाणूबद्दल जे बोलले होते ते मात्र परत घेतलं.

घरी मम्मीला विचारलं, "तू त्याला गाडी चालवायला कशी निघू दिलीस?"

"धनेशाच्या हातात असता तर मी तुका सांगलंय असतंय. पण तू परीक्षा घेवक बसलंस. तुझ्या हातान तो पास होवचो नाय ह्या माका ठावक होता. म्हणान गप रवलंय."

"म्हणजे हे सगळं माझ्यावर टाकलंस?"

"मगे कोणावर टाकू? शिकलंस कित्याक?"

मला ते अजूनही योग्य वाटत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

थेंब सकाळ-संध्याकाळ, मीच घालते. पप्पा डोळे मिटून घेतो, पाळण्यातल्या पोरासारखा. सोमवारपासून धक्क्यावर बसायला लागला आहे. खुर्ची अशी लावली आहे की डावी बाजू भिंतीकडे येते. तुळसाबाय त्याला बर्फाचा हिशेब चुकल्याबद्दल रोज शिव्या घालते, म्हणजे तिथे सगळं ठीक चाललंय.

ॲल्स्टन विचारायला आला होता, आता ड्रायव्हर कुठून आणायचा. मम्मी मासे साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "परीक्षा मी देतंय."

"आंटी, तू?"

"पंधरा दिवस हय बसान आयकलंय. आठ कोनी काय, त्रिकोणी काय, सगळा पाठ झाला. तेच्या डोळ्यांनी पास होवक नाय, माझ्या कानांनी होतलंय."

डॉक्टरचं खरं प्रमाणपत्र आणलं. आज दुपारी तिने परीक्षा दिली. खोलीत दुसरं माणूस चालत नाही म्हणून पप्पा आणि मी बाहेर पायरीवर. दार बंद. पप्पा हळूच म्हणाला, "समोरून गाडी इली तर डाव्या अंगाक, सांगलंय मी तिका."

"तू सांगितलंस?"

"काल."

पंधरापैकी चौदा. हॉर्नचा प्रश्न चुकला. मम्मीच्या मते हॉर्न कुठेही वाजवता आला पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज तिचा रस्त्यावरचा पहिला दिवस. 'एल'ची लाल पाटी पुढे आणि मागे लावली. नियमाप्रमाणे शेजारी लायसन्सवाला माणूस हवा, आणि लायसन्स माझ्याकडे आहे, म्हणून डावीकडे मी बसले. पप्पाने मागे बसायचा हट्ट धरला. ॲल्स्टनने नवीन आरशाकडे एकदा बघून क्रुसाची खूण केली.

धामापूरच्या रस्त्याला निघालो. मम्मी सुकाणू धरल्यासारखं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून, पुढच्या काचेला नाक लावून. वीसचा वेग. पप्पा मागून हुकूम सोडत होता. "गाय, उजव्या अंगाक." "शाळा, उजव्या अंगाक." "मंदिर." उजवीकडचं त्याला सगळं दिसत होतं आणि तो ते सगळं सांगत होता. डावीकडचं कोण सांगणार म्हणून मी सांगायला लागले. कुजबुजत नाही, मोठ्याने, मुद्दाम, काच खाली करून, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असं. या घरात डावीकडचं पुरेसं हळू बोलून झालं आहे.

"डावीकडे सायकल."

"डावीकडे दोन बाया, कळशी घेऊन."

"डावीकडे कुत्रा, बसलेला."

"माका दिसता गो!" मम्मी ओरडली. "आंधळो तो आसा, मी नाय!"

आमच्या घरात तो शब्द आजवर कोणी उच्चारलेला नव्हता. मम्मीने ब्रेक दाबला, गाडी आचका देऊन बंद पडली, आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध उभे. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

आधी पप्पाच हसला. खोकल्यासारखा सुरू झाला, मग मोठ्याने, पाठ मागे टाकून. मम्मी हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"डाव्या अंगाक घे गो," तो हसता हसता म्हणाला. "तेका जावंदे."

तिने गाडी चालू केली आणि डावीकडे घेतली. टेम्पो उजवीकडून गेला. तो जाताना पप्पाने त्याचा नंबर मोठ्याने वाचला. एकही आकडा चुकला नाही. मी तपासला.